पैसे आधी, दागिना नंतर

वस्तू आधी न्यायची आणि पैसे सवडीने द्यायचे, याला उधारी म्हणतात हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. आज मी बोलणार आहे ते याच्या उलट्या व्यवहाराबद्दल. इथे दर महिन्याला थोडे थोडे पैसे आधी भरायचे आणि वस्तू शेवटी घरी न्यायची. अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात याला कुणी सोन्याची भिशी म्हणतं, तर कुणी नुसतंच ‘स्कीम’.

अमेरिकेत याच पद्धतीला ‘लेअवे’ म्हणतात. १९३०च्या दशकातल्या महामंदीत ती तिथे रुजली. दुकानदार वस्तू बाजूला काढून ठेवी आणि हप्ते पुरे झाले की गिऱ्हाईक ती घेऊन जाई. वॉलमार्ट या बलाढ्य दुकानसाखळीने २००६ मध्ये ही सोय बंद केली, २०११ मध्ये सणासुदीपुरती परत आणली आणि २०२१ मध्ये पुन्हा काढून टाकली. कारण सरळ होतं. कर्जावर वस्तू लगेच मिळत असताना वाट कोण पाहणार? आपल्याकडे मात्र या व्यवहाराला चाप बसला तो वेगळ्याच कारणाने. ते समजायला वऱ्हाडात पैसा कसा फिरतो, हे आधी पाहिलं पाहिजे.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून इथल्या कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वेही आली. कापूस हे वऱ्हाडचं पैशाचं पीक झालं, आणि पैसा वर्षातून एकदाच घरात येऊ लागला. पेरणी मृगात, वेचणी दसरा-दिवाळीपासून. मधले महिने किराणा, कापड, औषधं, सगळं उधारीवर. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा चुकारे लांबले की शेतकऱ्याबरोबर दुकानदारही ताटकळत बसे.

पण उधारी सगळ्यांना मिळत नसे. सातबाऱ्यावर नाव असेल, त्याच्या शब्दाला दुकानात किंमत. शिवणकाम करणारी बाई, दवाखान्यातली आया, रोजंदारीवरचा हमाल यांच्याकडे कापूस नव्हता, तारणही नव्हतं. त्यांना लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा डोरल्यासाठी एकच वाट होती, आधी साठवायचं. आणि साठवायचं ते सोन्यातच, कारण अडीनडीला सोनं गहाण ठेवता येतं. पेरणीच्या तोंडावर कितीतरी घरांतली पोत आजही अशीच बाहेर पडते.

सोन्याच्या धंद्यावर पुष्कळ वर्षं सरकारी बंधनं होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि अनेक सोनारांचे हात रिकामे झाले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. पुढे धंदा मोकळा झाला आणि हप्त्यांच्या योजना फोफावल्या. अकरा हप्ते तुमचे, बारावा सराफाचा, ही त्यातली ठरलेली चाल.

मी वाणिज्य शाखेला शिकवत असताना हे गणित फळ्यावर मांडत असे. दरमहा हजार रुपये धरा. पहिला हप्ता दुकानात अकरा महिने राहतो, दुसरा दहा, शेवटचा एक. सगळे मिळून छासष्ट महिने, म्हणजे हजार रुपये साडेपाच वर्षं वापरायला दिल्यासारखंच. त्यावर हजार रुपये मिळाले, म्हणजे व्याज वर्षाला अठरा टक्क्यांहून जास्त पडलं. मुलं चकित होत. मग मी विचारी, यात सावकार कोण आणि ऋणको कोण? सावकार ती हप्ता भरणारी बाई, आणि तिच्या हाती तारण काय, तर एक पुठ्ठ्याचं कार्ड!

कायद्याला ही गोष्ट उमगायला वेळ लागला. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३४ मध्ये सावकारी कायदा झाला आणि सावकाराने ऋणकोला हिशेब द्यावा असं ठरलं. त्यात दुबळी बाजू ऋणकोची मानली होती. इथे तर धनकोच दुबळा! महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात वस्तूच्या रूपाने परत मिळायची रक्कमही ठेवच धरली. मग १ एप्रिल २०१४ पासून कंपन्यांना नवे नियम लागू झाले. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव ठरू लागली. ठेवीवरच्या व्याजालाही साडेबारा टक्क्यांची मर्यादा होती. अठरा टक्के त्यात बसणार कसे? टाटांच्या तनिष्कने त्या वर्षी आपल्या योजनेत नवे सभासद घेणं थांबवलं आणि पुढे दहा महिन्यांची योजना आणली. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेवींवर बंदी घातली, ती एकट्या मालकाच्या आणि भागीदारीतल्या दुकानांनाही लागू झाली. त्याच वर्षी ऐन दिवाळीत ठाणे-डोंबिवलीकडे गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली आणि हप्ते भरलेल्या ग्राहकांना पोलिसांत धाव घ्यावी लागली. बंधनं का हवीत, ते यातून दिसलं.

तरीही एक प्रश्न उरतो. आमच्या ओळखीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची स्कीम दुकानदाराने बंद केली, पैसे चोख परत दिले. मी म्हटलं, “बँकेत आवर्ती खातं काढा.” त्या म्हणाल्या, “सर, बँकेतले पैसे घरचे मांगतात जी. सराफाच्या कार्डातून कोनी काढू शकत नाई.” त्यांना व्याजाचं फारसं अप्रूप नव्हतं. पैसा घरच्यांच्या हाताबाहेर राहतो, ही त्यांची खरी कमाई होती. अशा बाईचा पैसा बुडू नये हे कायद्याने पाहिलं. तो तिच्या एकटीच्याच हाती कसा राहील, याची सोय मात्र त्यात नाही.

वर्षाच्या आत पुऱ्या होणाऱ्या योजना आजही चालतात. तिथे पैसे भरणाऱ्या आयाबहिणींना माझं सांगणं एवढंच, की स्वतःला गिऱ्हाईक नव्हे, सावकार समजा. दुकानाच्या नावाची पक्की पावती मागा. मुदत विचारा. दर हप्त्याला सोन्याचं वजन जमा होतं की नुसते रुपये, तेही विचारा. मजुरी किती लागेल हे आधीच लिहून घ्या. सावकार जे जे विचारतो, ते सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.