डेटाबेस अनामिकीकरण (कमांड-लाइनवरून)

चालू डेटाबेसची प्रत चाचणीसाठी देण्यापूर्वी तिच्यातील नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ई-मेल अशी ओळख पटवणारी माहिती बदलून टाकण्याची प्रक्रिया. टर्मिनलवरची आज्ञा स्क्रिप्टमध्ये घालून रोज रात्री आपोआप चालवता येते. त्यामुळे मूळ माहिती डेव्हलपरच्या लॅपटॉपवर उतरण्याची वेळच येत नाही.

ड्रुपलच्या संकेतस्थळांसाठी असलेल्या ड्रश या साधनात ‘एसक्यूएल सॅनिटाइज’ अशी आज्ञा आहे. ती सदस्यांचे पासवर्ड बदलते आणि प्रत्येक ई-मेलच्या जागी ‘युजर’ हा शब्द व खातेक्रमांक जोडून बनवलेला खोटा पत्ता घालते. चाचणीतला मेल मग खऱ्या ग्राहकाकडे जात नाही. बदल जोडलेल्या डेटाबेसमध्येच होत असल्याने आज्ञा प्रतीवरच चालवायची, हे पहिले पथ्य. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसच्या ‘ॲनॉनिमायझर’ या विस्ताराची रीत वेगळी आहे: कोणता स्तंभ कसा झाकायचा याचा नियम त्या स्तंभालाच लेबल म्हणून जोडतात. नियम तक्त्याच्या रचनेसोबत राहतो, म्हणून ही रीत अधिक भरवशाची वाटते.

नुसते हॅश करणे, म्हणजे मूळ मूल्याच्या जागी त्यावरून सूत्राने काढलेली अक्षरमाला ठेवणे, पुरेसे नसते. न्यूयॉर्कमधील टॅक्सींच्या 2013 सालच्या सुमारे 17 कोटी फेऱ्यांची नोंद खुली झाली, तेव्हा टॅक्सी व चालकांचे परवाना क्रमांक एमडी5 या पद्धतीने हॅश केलेले होते. शक्य असलेले क्रमांकच मर्यादित. त्या सर्वांचे हॅश काढून 2014 मध्ये मूळ क्रमांक उघड करण्यात आले. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि 6 ते 9 ने सुरू होणारा, म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी शक्यता. आजच्या संगणकाला हे काम जड नाही. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळली तर हा मार्ग बंद होतो, शिवाय एकाच ग्राहकाला सर्व तक्त्यांत तेच टोपणनाव मिळून जोडण्या शाबूत राहतात. मात्र किल्ली हाती असेपर्यंत हे छद्मनामीकरणच, अनामिकीकरण नव्हे. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार अशी माहिती वैयक्तिकच राहते.

नावे काढली तरी ओळख उरू शकते. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे, असे संशोधक लॅटन्या स्वीनी यांनी 2000 साली मांडले. म्हणून जन्मतारखेऐवजी केवळ वर्ष ठेवतात, पिनकोडचे शेवटचे अंक गाळतात.

सर्वात दगा देतो तो ‘शेरा’ हा मोकळा स्तंभ. ‘साहेबांच्या मिसेसच्या नंबरवर फोन करा’ असे लिहून पुढे क्रमांक टाकलेला असतो, आणि मोबाइलच्या स्तंभासाठी लिहिलेला नियम तिथे पोहोचत नाही. असा स्तंभ चाळत बसण्यापेक्षा प्रतीत सरसकट रिकामा करावा.