सायकलीने शिकवलेला रस्ता

मंडळी, रस्त्यावर धोक्याची पाटी लावावी ही कल्पना मोटारवाल्यांची नाही, सायकलवाल्यांची आहे, असं म्हटलं की ऐकणारे हसतात. पण ते खरं आहे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी दोन जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' सायकल आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर केला. त्याच दशकात तिथल्या सायकल संघटनांनी अवघड उतारांच्या तोंडाशी इशाऱ्याच्या पाट्या उभ्या केल्या. मोटारगाडी तेव्हा नुकती कुठे जन्माला येत होती. अमेरिकेतही १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने पुढे चांगल्या रस्त्यांसाठी मोठी चळवळ चालवली.

हे सायकलवाल्यांनाच का सुचलं? बैलगाडीवाल्याला डुलकी लागली तरी बैल ओळखीच्या वाटेने घरी येतात. घोडा खड्डा पाहून स्वतःच बिचकतो. सायकल मात्र आंधळी. तिला डोळे आणि कान स्वाराचेच. वेग आला, पण अंगावर पत्रा नाही. अशा माणसाला रस्ता वाचायला शिकावंच लागतं.

आपल्याकडे सायकलीचं वेडही जुनं. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. पुणं तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जाई. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडला की पोलीस अडवत. म्हणजे सामान्य माणसाची वाहतुकीच्या कायद्याशी पहिली ओळख झाली ती सायकलीवर.

आमच्या नीरा काठचीही तीच कथा. १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर उभारलं. पुढे भवानीनगरचा सहकारी कारखाना आला. पाळीचा भोंगा झाला की आसपासच्या गावांतले कामगार हँडलला डबा अडकवून निघत. दूधवाले, पोस्टमन, आम्ही मास्तर मंडळी, सगळे सायकलीवर. निरवांगीच्या पोरांनी मधल्या दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारतच सायकल शिकायची, हा तर नियमच होता.

त्या सायकलीने आम्हाला काय दिलं? एक म्हणजे कान. मागून येतोय तो ट्रक की एस.टी., हे न वळता कळायचं. दुसरं म्हणजे अंदाज. समोरचा बैलगाडीवाला कासरा कसा धरतो, यावरून तो कुठे वळणार हे ओळखायचं. तिसरी म्हणजे जमिनीची जाण. मुरूम, वाळू, ओला डांबर, पाचट या प्रत्येकावर ब्रेक वेगळा लागतो. आणि चौथं, सगळ्यांत मोठं, म्हणजे आपण लहान आहोत, समोरच्याला आपण दिसलोच असू असं नाही, ही जाणीव.

ही शिदोरी पुढे उतरून चालतानाही उपयोगी पडते. आजही मी फिरायला जातो तो रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असा. संध्याकाळी पांढरा सदरा घालतो. मोटार चालवतानाही तेच. पुढे सायकलवाला दिसला की खड्डा चुकवायला तो हातभर आत येणार, हे मला आधीच ठाऊक असतं, कारण मीही तसाच आलो असतो. म्हणून त्याला जागा सोडून जातो. गाडी थांबवून दार उघडण्याआधी मागे बघतो. उघड्या दाराची भीती सायकलवाल्याइतकी कुणाला असणार?

आता हे सगळं आजच का लिहितोय? नातू नववीत आहे आणि त्याला मोटारसायकल हवी आहे. वर्गातली निम्मी पोरं आणतात म्हणे. कायदा अठरा वर्षं सांगतो; ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मला दुसरी काळजी आहे. ही पोरं आईच्या कडेवरून थेट गिअरच्या गाडीवर बसताहेत. मधली इयत्ताच गाळली. पाचवी न शिकता दहावीला बसवल्यासारखं आहे हे.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत सुमारे एक पंचमांश पायी चालणारी होती. आमच्या भागात तर ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात दिव्याविना, रिफ्लेक्टरविना उभी असते. ती ऐन वेळी दिसत नाही. ती असेल असं धरूनच चालवावं लागतं.

घरातून एक आक्षेप आला, तोही रास्त आहे. आजच्या वाहतुकीत सायकलच जास्त धोक्याची नाही का? मोठ्या रस्त्यावर आहेच. सायकल चालवली म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो, असंही नाही. बेफिकीर सायकलवालेही मी पाहिलेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर करावी, दिवसाउजेडी, घंटी आणि दोन्ही ब्रेक तपासून. वळण्याआधी मागे पाहणं आणि हात दाखवणं अंगवळणी पडलं, की मगच गावचा रस्ता. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर हवाच.

दोन-तीन वर्षं अशी गेली, तर पुढे अठराव्या वर्षी लायसन्स मिळेल ते रस्ता वाचता येणाऱ्याला. तोवर हट्ट पुरवायचा तर सायकलीचा पुरवावा. चांगली सायकल घेऊन देण्याचा खर्च या आजोबाकडे लागला.

नातेवाईक मंडळींनी आपलं मत जरूर कळवावं. विरोधी असलं तरी चालेल, पण आधी एक चक्कर सायकलीवर मारून या!