कादंबरीतले १७३९ साल

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने गतवर्षी आपल्या ऐतिहासिक कादंबरीचे हस्तलिखित मला वाचावयास दिले. काळ १७३९, स्थळ वसईचा किल्ला, प्रसंग चिमाजी आप्पांच्या सैन्याने घातलेला वेढा. भाषा ओघवती, पात्रे जिवंत. मात्र तिसऱ्याच प्रकरणात नायिका ईस्टरच्या मध्यरात्री हाती मेणबत्ती घेऊन मिस्साला निघाली आणि मी समासात पेन्सिलीने खूण केली.

त्या काळी पुनरुत्थानाचा जागरणविधी शनिवारी सकाळीच होत असे. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली रात्रीच्या विधीला प्रायोगिक परवानगी दिली व १९५६ पासून तो सर्वत्र रूढ झाला. आपल्या आजी-आजोबांनी सकाळचा विधी पाहिलेला होता. आपणच तो विसरलो.

पुढे नायक ‘संत गोन्सालो गार्सिया’ यांचा धावा करतो. वसईचा हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. संतपद मिळाले ते १८६२ मध्ये. “फादर, एका शब्दाने काय बिघडते?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, बरेच बिघडते. वेढ्यातील माणसे आपल्याच गावच्या हुतात्म्याच्या संतपदाची वाट पाहत होती आणि ते घोषित व्हावयास अजून १२३ वर्षे होती. ‘संत’ लिहिताच ती वाट पाहणे कादंबरीतून पुसले जाते. त्याच नायकाला स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवता येणार नाही, कारण ते नाव समाजाने १८८७ मध्ये स्वीकारले.

एक चूक माझीही झाली. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंवर मी काट मारली होती. पोर्तुगीज राज्यातून त्यांची हकालपट्टी १७५९ मध्ये झाली, म्हणजे वेढ्यानंतर वीस वर्षांनी, हे त्या तरुणाने मला नम्रपणे दाखवून दिले.

खरी गंमत आहे ती तारखांची. पोर्तुगीज ग्रेगरियन पंचांग पाळत. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाला चिकटून होते आणि वसईच्या अकरा दिवस मागे होते. १६ मे रोजी वसईत लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचले, तर तेथे ६ मे असे! पेशव्यांच्या कागदांवर तर अरबी महिने व सुहूर सन. तिन्ही दप्तरांतील तारखा जुळविल्याखेरीज कादंबरीतला दूत कोठेच वेळेवर पोहोचणार नाही.

मी कागद घेऊन हिशेब केला. त्या वर्षी राखेचा बुधवार ११ फेब्रुवारीला व ईस्टर २९ मार्चला आला. म्हणजे वेढ्याचे पहिले आठवडे उपवासकाळातले. मुंबईच्या इंग्रजांचा ईस्टर वसईच्या गणनेने ३ मे रोजी पडला. किल्ल्याचा शरणागतीचा करार १६ मे रोजी झाला. तो शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. किल्ला सोडण्यासाठी पराभूतांना आठ दिवस दिले होते. त्या रविवारी विधीप्रमाणे धर्मगुरूंच्या अंगावर लाल वस्त्रे असणार. हस्तलिखितात मात्र तो नुसताच ‘मे महिन्यातील एक दिवस’ होता.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. पोर्तुगीजांनी लिहिले, पेशव्यांच्या कारकुनांनी लिहिले, इंग्रजांनीही लिहिले. पण मागे राहिलेल्या आपल्या शेतकऱ्या-कोळ्यांचे स्वहस्ताक्षर फारसे नाही. पणजीचे पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दप्तर, गर्सन द कुन्हा यांचा १८७६ चा ग्रंथ आणि किल्ल्यातील थडग्यांवरचे लेख यांपर्यंत आपल्यातील कितीजण जाणार? बहुतेक घरांत ही कादंबरीच इतिहास म्हणून वाचली जाईल.

त्याने ते प्रकरण पुन्हा लिहून आणले आहे. आता नायिका शनिवारी सकाळी निघते. गुरुवारपासून घंटा मुक्या आहेत आणि ‘ग्लोरिया’ सुरू होताच त्या एकदम वाजू लागतात. त्यांचा नाद कसा होता, हे लिहावयाचे त्याने अजून राखून ठेवले आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील पोर्तुगीज घंटेवर १७२१ साल आहे आणि ती वसईच्या विजयाशी निगडित असल्याचे परंपरा सांगते. पावसाळा संपला की तो ती ऐकावयास जाणार आहे. मीही बरोबर जाईन म्हणतो.