‘धोंडू’ या नावाविषयी

आपल्या ज्ञातीतील तरुण आईबाप हल्ली मुलगा व मुलगी या उभयतांस शोभेल असे नाव शोधू लागले आहेत, आणि ही कल्पना अगदी नवी आहे असे त्यांस वाटते. वस्तुतः तसे एक नाव आपल्या आजेपणज्यांच्या पिढ्यांत सर्रास आढळे. ते म्हणजे धोंडू. आज ते उच्चारताच घरातील मुले हसतात. आणि स्मरणिकेसाठी वंशावळी मागविल्या की काही कुटुंबे ते गाळून, नाहीतर त्याचे ‘दिनकर’ करून पाठवितात. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले.

धोंडा म्हणजे दगड. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या अर्भकास मुद्दाम असे हलके नाव देत. हेतू हा की, मृत्यूने त्याकडे ढुंकूनही पाहू नये. दगडू, केरू, भिकू ही त्याचीच भावंडे. बंगाल्यांतही तीन कवड्यांस विकत घेतलेले मूल म्हणून ‘तिनकडी’ हे नाव मुलास व मुलीस सारखेच ठेवीत. शिवाय अधिक मासास आपण धोंड्याचा महिना म्हणतो, तोही संबंध या नावामागे असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात दर हजारी सुमारे 200 बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. हे ध्यानी घेतले म्हणजे या नावामागील आईची धास्ती कळते, व हसू आपोआप मावळते.

आता उच्चाराविषयी. ‘धों’वरील अनुस्वार पुढील ‘ड’मुळे ‘ण्’सारखा ऐकू येतो : धोण्डू. पुरुषाचे नाव कागदावर चढले की जुन्या रीतीप्रमाणे शेवटी ओकार येई. मोरोपंतांतील मोरो, आपल्या पंचवटीतील देवालयामुळे सर्वांच्या तोंडी असलेल्या नारोशंकरांतील नारो, तसाच धोंडो. महर्षी धोंडो केशव कर्वे (1858–1962) यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. खेड्यापाड्यांत त्याचेच धोंडिबा होई. घरात मात्र धोंडूच. आणि धोंडू ‘आला’ की ‘आली’, हे क्रियापद कानी पडेपर्यंत परक्यास कळत नसे! जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (1927–2014) यांनी तर हे नाव मैफलींत सन्मानाने मिरविले.

एक गल्लत येथे दूर केली पाहिजे. 1857 च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. इंग्रजांच्या कागदांत त्याचे ‘धुंडूपंत’ झाले. त्यामुळे धोंडो व धुंडिराज एकच, असे पुष्कळांस वाटते. परंतु धुंडिराज हे काशीच्या ढुंढिराज गणपतीचे नाव. मराठी जिभेने ‘ढ’चा ‘ध’ केला इतकेच. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले व 1944 साली नाशकातच निवर्तलेले चित्रपटमहर्षी धुंडिराज गोविंद फाळके यांच्या नावात दगड नाही, देव आहे.

हे लिहिण्यास आमचे स्वतःचे एक निमित्त घडले. आमच्या वंशावळीत ‘धोंडू’ असे एक नाव होते. पुढे शाखा नाही. निपुत्रिक पणजोबांपैकी कोणी असतील, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत आलो. पुढे रामकुंडावर अस्थिविसर्जनास गेलो असता उपाध्यायांनी आपली जुनी वही काढली. तीत आमच्या पणजोबांच्या नोंदीखाली मोडीत इतकेच होते : ‘सोबत भगिनी धोंडू’. घरातील वृद्धांस खोदून विचारता कळले की, तिच्या आधीची चार भावंडे पाळण्यातच गेली होती. ही जगली, बालपणीच विधवा होऊन माहेरी परतली, आणि भावाची मुले तिनेच वाढविली. लग्नात पालटलेले तिचे सासरचे नाव आज कोणासही आठवत नाही.

देवीची लस व प्रसूतिगृहे आली, मुले जगू लागली, आणि अशा नावांची गरज सरली. हे उत्तमच झाले. ती नावे आता कोणी पुन्हा ठेवावीत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु ज्यांच्या वंशावळीत शाखेवाचून एखादा धोंडू राहिला असेल, त्यांनी ते नाव खोडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस एकवार विचारावे. आमच्या वंशावळीत आम्ही त्या नावापुढे ‘बाई’ एवढी दोन अक्षरे वाढवून ती पुन्हा मंडळाकडे पाठविली आहे.