झाडणारे यंत्र आणि झाडणारी माणसे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. दरबाराचे थाटाचे वर्णन करणारा बखरकार तो दरबार पहाटे कोणी झाडला, हे कधीच सांगत नाही. तथापि ज्या कामावाचून एकही राजवाडा, देऊळ, कारखाना अगर इस्पितळ दोन दिवस चालावयाचे नाही, त्या कामालाही स्वतःचा इतिहास आहे. आणि सांप्रत त्या इतिहासाला एक नवे वळण लागत आहे. मोठाले विमानतळ, गुदामे, रुग्णालये व दुकाने यांतील लादी आपोआप धुऊन पुसणारी यंत्रे निघाली आहेत. प्रश्न आता एका यंत्राचा राहिलेला नसून, अशी शेकडो यंत्रे एकाच वेळी नांदवावयाची कशी, हा आहे. त्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने आज थोडा विचार करू.

प्रथम जमिनीकडे पाहू. कारण झाडण्याचे साधन कोणते असावे, हे नेहमी जमीनच ठरवीत आली आहे. अंबरनाथ पूर्वेस आमचे प्राचीन शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ आहे आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव त्याच्याशी निगडित आहे. या मंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नसून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. नऊशेहून अधिक वर्षे ती दगडी जमीन माणसाच्या हातानेच स्वच्छ राहिली आहे, आणि त्या पायऱ्यांवर चाकांचे यंत्र आजही उपयोगी पडावयाचे नाही. घरोघरची जमीन तर मातीची, शेणाने सारवलेली. तिला शिंदीच्या पात्यांची मऊ केरसुणी लागे. अंगणाला नारळाच्या हिरांचा खराटा लागे. केरसुणीस आपण लक्ष्मी मानले व लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पूजा केली. परंतु तीच केरसुणी पोटासाठी दुसऱ्याच्या दारी हाती धरणाऱ्या माणसास मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवले. ही विसंगती पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

पुढे शहाबादी फरशी आली, मग मोझाइकची लादी आली, आणि त्यांच्याबरोबर कारखान्यांची विस्तीर्ण जमीन आली. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कालांतराने पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत वाढली. उंबरा नसलेली, सपाट, एकसंध अशी सिमेंटची जमीन ही आपल्याकडे नवीच वस्तू होती. अशी जमीन मोठ्या प्रमाणावर तयार झाली नसती, तर फरशी धुणाऱ्या यंत्रास चालावयास जागाच मिळाली नसती.

आता यंत्राकडे वळू. १९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ याने हवा ओढून धूळ काढण्याचे यंत्र सिद्ध केले. ते इतके अवजड होते की, घोडागाडीवरून नेऊन रस्त्यात उभे करावयाचे आणि त्याच्या नळ्या खिडकीतून घरात सोडावयाच्या! त्यानंतर सहा वर्षांनी, १९०७ साली, अमेरिकेतील ओहायो प्रांतात जेम्स मरे स्पँगलर याने हाताने ढकलता येईल असे विजेचे यंत्र बनविले. हा स्पँगलर कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. एका दुकानाच्या इमारतीत झाडलोट करणारा तो नोकर होता आणि धुळीने त्याचा दमा बळावत असे. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. पुढे हूव्हर कंपनीने ते विकत घेऊन जगभर नाव कमावले. झाडणाऱ्याच्या छातीतील वेदनेतून हे साधन जन्मास आले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

माणसावाचून चालणारी यंत्रे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी बाजारात आली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ साली ‘ट्रायलोबाइट’ हे घरगुती यंत्र विकावयास काढले. २००२ साली अमेरिकेत ‘रूम्बा’ आले. मोठ्या जागांची कथा याहून अलीकडची आहे. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानदार कंपनीने २०१८ साली आपल्या दुकानांत ३६० स्वयंचलित यंत्रे आणण्याचे जाहीर केले व २०१९ साली आणखी १,५०० यंत्रांची घोषणा केली. आपल्याकडे २०१९ सालीच पुण्यात ‘पेपरमिंट’ ही अशी यंत्रे बनविणारी कंपनी स्थापन झाली. २०२० सालच्या साथीत दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात जमीन निर्जंतुक करण्यासाठी गुरुग्रामच्या एका कंपनीचे यंत्र योजण्यात आले, तेव्हा अनेकांना या साधनाची उपयुक्तता प्रथमच पटली.

या यंत्राचे अंतरंग समजावयास कठीण नाही. त्यात स्वच्छ पाण्याची एक टाकी व घाण पाण्याची दुसरी टाकी असते. खाली फिरते ब्रश, मागे रबरी वायपर आणि पाणी ओढून घेणारा पंखा. प्रकाशकिरण सोडून व ते परत येण्यास लागणारा वेळ मोजून ते भिंती, खांब आणि माणसे ओळखते व मनात जागेचा नकाशा रेखाटते. त्यांतील पुष्कळ यंत्रांना प्रथम शिकवावे लागते. एखादा कर्मचारी ते यंत्र स्वतः चालवून सगळी जागा एकदा फिरतो, आणि यंत्र ती वाट पाठ करते. कोणत्या कोपऱ्यात तेल सांडते, कोठे ओल राहते, कोणत्या वेळी कोणता मार्ग मोकळा असतो, हे ज्ञान मुळात त्या माणसाचे असते. यंत्र त्याचे शिष्य होय.

एका दालनात एक यंत्र चालविणे यामुळे सोपे जाते. तीच गोष्ट पन्नास इमारतींत करावयाची म्हटली की अडचणी उभ्या राहतात. गुदामात काल जेथे मोकळी वाट होती, तेथे आज मालाच्या थप्प्या असतात आणि नकाशा खोटा ठरतो. उतार, उंबरे, उद्वाहने आणि उखडलेल्या लाद्या आड येतात. पत्र्याचे कीस, दोरे व प्लॅस्टिकच्या पट्ट्या ब्रशात गुंततात. टाक्या रिकाम्या करणे, ब्रश धुणे, वायपर बदलणे, बॅटरी भारणे ही कामे रोजची. आमच्या बाजूच्या रासायनिक कारखान्यांत तर, ज्वालाग्राही वाफा असतात तेथे ठिणगीचे भय म्हणून, वाटेल ते विजेचे यंत्र फिरविता येत नाही. जिने, कोपरे, यंत्रांखालची जागा आणि शौचगृहे ही माणसाकडेच राहतात. म्हणजे जमीन आखणारा, मार्ग मोकळे ठेवणारा आणि यंत्राची निगा राखणारा शिकलेला माणूस नसेल, तर शंभर यंत्रे विकत घेऊनही ती अडगळीत पडतील. दुसरे असे की, मोकळे व सोपे काम यंत्राने घ्यावे आणि अडचणीचे व किळसवाणे काम तेवढे माणसाच्या वाट्यास राहावे, अशी ही वाटणी नकळत होऊन बसते.

येथे आपल्याच इतिहासातील एक प्रकरण आठवते. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, चालला. त्या वेळी वादाचे एक मुख्य कारण असे की, दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, अशी मालकांची योजना होती. कामगारांचे भांडण मागाशी नव्हते. काम वाढणार, माणसे कमी होणार आणि त्यातून होणारी बचत कोणाच्या पदरात पडणार, याविषयी ते होते. पुढे फॉसेट समितीपुढे या प्रश्नाची चर्चा झाली. विणकराचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते. म्हणून त्याला निदान भांडता तरी आले.

झाडणाऱ्याची स्थिती निराळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला, तेव्हा नगरपालिकेच्या कामगाराला संघटनेचे बळ मिळाले. परंतु मोठ्या कचेऱ्या व कारखाने यांतील झाडलोट पुढे कंत्राटदाराकडे गेली. केंद्र सरकारच्या कक्षेतील आस्थापनांच्या इमारतींतील झाडलोटीस कंत्राटी मजूर लावू नयेत, अशी अधिसूचना ९ डिसेंबर १९७६ रोजी निघाली होती. तिच्या आधारे एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अशा कामगारांना सामावून घेण्याच्या बाजूने निकाल दिला. मात्र २००१ साली, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात, त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निकाल फिरविला व ती अधिसूचनाही रद्द ठरविली. याचा परिणाम आजच्या प्रश्नावर होतो. ज्याचे नाव मालकाच्या हजेरीपटावर नाही, त्याला यंत्र आल्यावर कामावरून काढावेही लागत नाही. कंत्राट नवे करताना वीस माणसांच्या जागी बारा लिहिली की झाले. आठ माणसे गेली, याची नोंद मालकाच्या कोणत्याही कागदावर राहात नाही.

याचा अर्थ यंत्र नको, असा मुळीच नाही. वाकून वाकून मोडलेली कंबर, नाकातोंडात जाणारी धूळ आणि हात पोळविणारी तीव्र द्रावणे यांतून सुटका होत असेल, तर ती कोणास नको आहे? आणखी एक लाभ याहून मोठा आहे. आपल्या देशात झाडणे हे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले. गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, आणि आपण महाराजांना वंदन केले. पण खराट्याचा व जातीचा संबंध त्याने तुटला नाही. तेच काम यंत्र चालविण्याचे, नकाशे आखण्याचे आणि दुरुस्तीचे झाले, त्याला कसब व पगार आला, तर तो संबंध तुटण्यास खरोखर साहाय्य होईल. मात्र त्यासाठी ते कसब आज झाडणाऱ्यांनाच प्रथम शिकविले पाहिजे. नाही तर यंत्राजवळ बाहेरून आलेला नवा तंत्रज्ञ उभा राहील, आणि जुन्या माणसाकडे फक्त शौचगृह उरेल.

म्हणून एखाद्या संस्थेने एकाची शंभर यंत्रे केली, असे आपण ऐकू, तेव्हा किती चौरस फूट जमीन तासाभरात धुतली जाते, एवढेच विचारू नये. यंत्राला वाट शिकविणाऱ्यांना त्या शिकवणीचे वेतन मिळाले काय, त्यांची नावे हजेरीपटावर आहेत काय, आणि वाचलेल्या पैशांतील काही भाग त्यांच्या घरी पोहोचला काय, हेही विचारावे. आपल्या वसाहतींत, इस्पितळांत आणि शाळांत ही यंत्रे आज ना उद्या येतील. ती येण्यापूर्वीच हे प्रश्न विचारण्याची सवय आपण, शहरात राहणाऱ्या सुशिक्षितांनी, लावून घ्यावी, एवढी विनंती आहे.