फळ न दिसणारें दान

अन्नछत्र, धर्मशाळा, घाट, विहीर यांसाठीं केलेल्या दानाचा महिमा आपल्या समाजास परिचित आहे. अशा दानाचें फळ दात्यास स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतें. परंतु ज्या रोगावर औषधच नाहीं, त्याच्या संशोधनास दिलेल्या पैशाचें फळ केव्हां मिळेल, किंबहुना मिळेल कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. अशा दानाचें एक उदाहरण मुंबईच्या इतिहासांतून आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं ल्युकेमियानें, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानें, निवर्तल्या. त्या काळीं या रोगापुढें वैद्यक हतबल होतें. पुढच्याच वर्षीं सर दोराबजींनीं पत्नीच्या नांवें एक निधी स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश कोणत्याही देशांत चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनास, व उरलेला पंचमांश हिंदुस्थानांत मानवी व्यथा कमी करूं पाहणाऱ्या संशोधनास, अशी वांटणी ठरली. त्याच वर्षीं जून महिन्यांत त्यांचेंही देहावसान झालें.

त्यांच्या संपत्तींतून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका विश्वस्त निधीनें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. रुग्णांच्या खाटांशेजारींच प्रयोगशाळा असावी, हा त्याचा विशेष होता. प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आली. धोतराची गांठ वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट बसल्यानें कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन त्यांनीं एका सहकाऱ्यासह १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. हें ज्ञान परदेशी ग्रंथांतून उसनें मिळण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं येथील रुग्ण येथेंच तपासणारा संशोधक हवा होता.

यावर एक आक्षेप संभवतो. हिवताप व क्षय यांनीं त्या वेळीं या देशांत कितीतरी अधिक माणसें मरत होतीं. मग एका श्रीमंताच्या घरांतील दुःखानें कोणत्या रोगाकडे लक्ष द्यावयाचें तें ठरवावें काय? आक्षेप खोटा नाहीं. खाजगी दान दात्याच्या मनाप्रमाणें वाहतें, आणि तें एकटें पुरतही नाहीं. या रुग्णालयाचा भार १९५७ सालीं सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें उचलला, व १९६२ पासून तें अणुऊर्जा विभागाकडे गेलें. तथापि सरकारनें पुढें चालवावें असें कांहीं आधीं कोणीतरी उभारावें लागतें, हेंही तितकेंच खरें.

ज्या रोगापुढें मेहरबाईंचे वैद्य हतबल झाले, त्याच जातीच्या रोगांतून आज योग्य उपचार मिळालेलीं बहुसंख्य मुलें बरीं होतात. हें यश अनेक देशांतील अनेकांचें आहे. कोणत्याही एका निधीचें नव्हे. रुग्णालयाच्या खाटेवर दात्याचें नांव कोरतां येतें, फसलेल्या प्रयोगावर येत नाहीं. आणि फसलेल्या प्रयोगांवांचून औषध सांपडत नाहीं. आपल्या सुशिक्षित कुटुंबांनीं यथाशक्ति दान करतांना एवढें ध्यानीं ठेवावें, इतकीच आमची विनंती आहे.