पावाची चव लाकडाची की विटेची?

वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वड्याचे कौतुक पुष्कळ झाले. पावाची कथा मात्र जुनी आहे, आणि ती विटांच्या भट्टीत दडलेली आहे.

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. तो भाजण्याचे कसब मुंबईत गोव्याच्या पोदेरांनी आणले, पुढे इराण्यांनी जोपासले. धोबी तलावची कयानी १९०४ ची, ससानियन १९१३ ची.

जुन्या भट्टीची रीत अशी : आधी लाकडे जाळून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवायचे. भाजण्याचे काम मुख्यतः ज्वाला करत नाही. विटांनी साठवलेली उष्णता करते. प्रथम पाव, आच उतरू लागली की टोस्ट आणि बिस्किटे.

वीट ही साठवण कशी करते? भट्टीच्या विटेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतात. एक किलो अ‍ॅल्युमिनाचे तापमान एक अंशाने वाढवायला सामान्य तापमानाला सुमारे ०.८ किलोजूल उष्णता लागते, हजार अंशांना सुमारे १.२. म्हणजे तापत जाईल तशी तिची भूक वाढते, आणि यातील निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीनशे अंशांतच होते, नेमकी बेकरीच्या टप्प्यात.

या भुकेने शास्त्रज्ञांनाही चकवले होते. द्यूलाँ आणि पेती यांच्या १८१९ च्या नियमानुसार घन मूलद्रव्यातील प्रत्येक अणूची उष्णताधारकता सारखीच असायला हवी; हिरा तो नियम मोडत होता. हिरा तापवला की तो नियमाजवळ येतो, हे हाइनरिख वेबर यांनी १८७५ मध्ये दाखवले. कारण सांगितले ते १९०७ मध्ये त्यांच्याच एका विद्यार्थ्याने : आल्बर्ट आइन्स्टाइनने.

एक टन विटा ३०० वरून २०० अंशांवर आल्या, तर सुमारे दहा कोटी जूल उष्णता सोडतात, साधारण सहा किलो वाळलेल्या लाकडाइतकी. शिवाय वीट ही उष्णता सावकाश सोडते. लोखंडासारखी घाई करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची दखल घेत लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. चव जाईल, ही बेकरीवाल्यांची भीती खोटी नाही. पण निखारे सारल्यावर पावाला धूर लागतोच किती? तो धूर जातो तो शेजारच्या चाळींत. खुसखुशीत कवच घडते ते बव्हंशी तापलेल्या विटांमुळे, आणि विटा इंधनाची जात विचारत नाहीत. त्याच भट्टीखाली गॅस पेटवता आला, तर पुष्कळ काही टिकेल. ती पाडून पातळ पत्र्याचा ओव्हन आणला, तर दार उघडताच आच कोसळेल.